अंगावरचं बी

मला घरात रेडिओ म्हणतात. हे नाव नवऱ्याने ठेवलं, लग्नानंतर थोड्याच दिवसांत, आणि सासूबाईंनी ते लगेच उचलून धरलं. मी बोलते, हे खरंच आहे. ट्रे भरताना बोलते, पाणी मारताना बोलते, समोर कोणी नसलं तर रोपांशी बोलते. बाकीची दोघं तोंडाला कुलूप लावून बसणारी. मी नसते तर आमच्या घरात आवाज म्हणून फक्त पाण्याच्या मोटारीचा असता. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

आमचा धंदा रोपांचा. घराच्या मागे शेड आहे, वर हिरवी जाळी, बाजूंना प्लास्टिक. आत ट्रे मांडलेले. मिरची, टोमॅटो, कोबी, वांगी, जे मागाल ते रोप आम्ही करून देतो. ती रोपं काय, कोणीही करतं. पण आमचं खरबूज दुसऱ्या कोणाकडे नाही. त्याचं बी दुकानात मिळत नाही. सासूबाई दर हंगामात फळ स्वतः निवडतात, स्वतः कापतात, एक फोड खाऊन डोळे मिटून बसतात आणि मग सांगतात की ह्याचं ठेवायचं की नाही. ते बी धुऊन, सावलीत वाळवून, राखेत घोळून मडक्यात जातं. आजूबाजूची माणसं मिरचीसाठी कुठेही जातील, पण खरबुजासाठी आमच्या दारात येतात. आल्यावर मग मिरचीही नेतात. आमचं घर त्या मडक्यावर चालतं म्हटलं तरी चालेल.

यंदा गारठ्याने मुक्कामच ठोकला. दुपारीसुद्धा शेडमध्ये तोंडातून वाफ निघायची. पहिलं बी वाफ्यातच कुजलं. माती उकरून बघितलं तर बोटाला बुळबुळीत लागायचं. मग नवऱ्याने डोकं चालवलं. खोक्यात बल्ब लावला आणि दुसरं बी त्यात ठेवलं. ते उकडून निघालं. सासूबाईंनी खोकं उघडून वास घेतला आणि म्हणाल्या, "छान झालंय. आता मीठ लावून खा." त्यानंतर त्या त्याच्याशी बोलेनाशा झाल्या. तशा त्या एरवीही बोलत नाहीत, त्यामुळे हा फरक मलाच कळला, त्याला कळलासुद्धा नसेल.

मडक्यात उरलं होतं मूठभर. ते गेलं की आमचं खरबूज संपलं, पुन्हा कुठून आणायची सोय नाही.

अशा वेळी आमच्या घरात बी अंगावर घेतात. कोमट पाण्यात भिजवलेलं बी ओल्या फडक्यात बांधायचं, त्यावर कोरडं फडकं, आणि ती पुरचुंडी कोणीतरी बाईने पोटाशी धरून वावरायचं. मोड फुटेपर्यंत खाली ठेवायचं नाही. मधूनमधून बोट घालून बघायचं, ओल आहे का, आंबट वास तर येत नाही ना. थोडी हवा द्यायची, उलथंपालथं करायचं. नवऱ्याच्या वेळी सासूबाई दिवस गेलेल्या असताना बी धरून हिंडल्या होत्या, एकाच वेळी दोन कामं. आता त्यांच्या अंगात ऊब राहिली नाही. हात लावला तर माठाला लावल्यासारखं. म्हणून बी माझ्याकडे आलं.

माझ्याकडे आणखी एक सोय होती. आमचं ढेकूळ. ढेकूळ म्हणजे माझं बाळ. जन्मलं तेव्हाच इतकं गोल आणि जड होतं की सुईणीने हातात देतानाच म्हटलं, धरा नीट, ढेकूळ आहे. ते नाव पडलं ते पडलंच. ढेकळाचं अंग सदा तापलेलं. ते छातीशी घेतलं आणि दोघांच्या मध्ये पुरचुंडी ठेवली, वरून दुपटं गुंडाळलं, की झाली भट्टी तयार. सासूबाईंनी स्वतः गाठ मारून दिली. म्हणाल्या, "दोघांनाही सांभाळ." मी म्हटलं, आई, ढेकूळ पडलं तर ओरडून सांगेल तरी, हे बिचारं काय सांगणार. त्या हसल्या. म्हणजे त्यांच्या ओठाची एक बाजू हलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर निम्म्या बियांची तोंडं उकलली होती. काहींना पांढरं टोक आलं होतं, तांदळाच्या कणीएवढं. मी त्या दिवशी जरा जास्तच बोलले असेन.

त्याच दिवशी नवऱ्याला फवारणीचा पंप दुरुस्तीला टाकायला गावात जायचं होतं. ढेकळाच्या मांड्यांना पुरळ आलं होतं, कातडी लाल होऊन सोललेली, आणि दवाखान्यातल्या बाईंनी एक मलम सांगितलं होतं. ते आमच्याकडच्या वाण्याकडे मिळत नाही. गावात नवीन मोठं दुकान झालंय, तिथे मिळतं. मीच जाते, म्हटलं. सासूबाईंनी विचारलं, बी घेऊन जाणार? मी म्हटलं, मग काय खुंटीला टांगून जाऊ? अर्धे मोड आलेत, आता काढलं तर गारठ्याने मरतील. त्यांनाही ते पटलं. आम्हा तिघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बी अंगावर आहे म्हणजे अंगावर आहे, माणूस जाईल तिथे बी जाईल. दुकानात जाताना लोक आपलं पोट घरी ठेवून जात नाहीत.

नवऱ्याने दुकानाच्या दारात मला उतरवलं आणि तो पंप घेऊन समोरच्या बोळात पंपवाल्याकडे गेला.

त्या दुकानात आपल्या हाताने माल घ्यायचा असतो. मी आधी एकदा गेले होते, त्यामुळे बुजले नव्हते. टोपली घेतली. बाळांच्या वस्तूंच्या रांगेत गेले. मलमाच्या तऱ्हा इतक्या की डोकं गरगरलं. एक नळी उचलली, वाचली, ठेवली. दुसरी उचलली. ढेकूळ चुळबुळ करायला लागलं आणि पुरचुंडी सरकून बरगडीला टोचली, म्हणून मी दुपट्यात हात घालून ती वर ओढली. हात आत गेलाच आहे तर ओलही बघून घेतली. जरा इकडेतिकडे बघितलं, कारण चारचौघांत छातीशी हात घालणं बरं दिसत नाही. मग पाहिजे ते मलम सापडलं, ते टोपलीत टाकलं आणि पैसे द्यायच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

तिथे खाकी शर्टातली एक बाई आली. गळ्यात शिट्टी होती. तोंडाने काही वाईट बोलली नाही. म्हणाली, "ताई, जरा बाजूला या."

का, म्हणून विचारलं. या तर, म्हणाली. माझा दंड तिने धरला नव्हता, नुसता दंडाजवळ हात ठेवला होता, पण तो रांगेतल्या सगळ्यांना दिसेल असा. माझ्या पुढे उभी असलेली बाई वळून बघत होती. तिने आपली पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. तिला मी ओळखत नव्हते, आणि तीही मला ओळखत नव्हती.

मागे एक खोली होती. खोकी रचलेली, एक चाक मोडलेली ट्रॉली, चहाचे वापरलेले कागदी पेले. भिंतीवर छोटा टीव्ही आणि त्यात दुकान दिसत होतं. टाय घातलेला एक तरुण माणूस खुर्चीवर बसला होता. त्याने बटण दाबून टीव्ही मागे नेला आणि मला दाखवलं. टीव्हीत मी होते. हातात नळी. मग हात दुपट्यात गेला, आत चाचपडला, मग टीव्हीतल्या त्या बाईने मान वर करून इकडे बघितलं, तिकडे बघितलं. खरं सांगते, मलासुद्धा ती बाई चोरच वाटली.

टायवाल्याने विचारलं, "आत काय आहे?"

"बी आहे," मी म्हटलं. "खरबुजाचं. मोड आणायला धरलंय."

तो शिट्टीवालीकडे बघून जरासा हसला. शिट्टीवाली हसली नाही. त्याने विचारलं, बी दुकानात कशाला आणलं? हा प्रश्न अगदी सरळ होता. आमच्या शेडमध्ये उभं राहून कोणी विचारला असता तर मी त्याला दिवसभर पुरेल एवढं उत्तर दिलं असतं. गारठ्यापासून सुरू केलं असतं, बल्बच्या खोक्यावर आले असते, सासूबाईंच्या थंड हातांवर आले असते. तिथे माझ्या तोंडून एवढंच निघालं, "ते खाली ठेवून चालत नाही."

"उघडून दाखवा," तो म्हणाला.

मी म्हटलं, इथे गारठा आहे, मोड मरतील. हे वाक्य माझ्या कानालाच खोटं ऐकू आलं. शिट्टीवाली म्हणाली, ताई, पटकन दाखवा आणि मोकळ्या व्हा, आम्हालाही हौस नाही. तिने खोक्यावर पुठ्ठा टाकला. मी दुपटं सोडलं, ढेकळाला पुठ्ठ्यावर ठेवलं. ते उताणं पडून हातपाय मारायला लागलं. शिट्टीवालीने त्याचं झबलं वर करून बघितलं. मग लंगोट सोडला. आत पुरळ आलेल्या मांड्या होत्या, दुसरं काही नव्हतं. तिने कडेने बोट फिरवलं आणि थंडी लागल्याबरोबर ढेकूळ मुतलं, थेट तिच्या हातावर आणि तिथून टायवाल्याच्या खोक्यांवर. एरवी ही गोष्ट मी गावभर सांगितली असती आणि सांगताना हसून माझं पोट दुखलं असतं. तेव्हा मी फक्त बघत होते. ढेकळाचं मूत खोक्यावरून खाली निथळत होतं.

मग तिने पुरचुंडी उचलली. सासूबाईंची गाठ तिला सुटेना. मी हात पुढे केला तर टायवाला म्हणाला, तुम्ही थांबा. तिने दातांनी गाठ ओढली, कोरडं फडकं सुटलं, ओलं फडकं तिने दोन टोकं धरून झटकलं. आत काय लपवलंय ते बघायला झटकलं. बी फरशीवर सगळीकडे गेलं. खोक्यांच्या खाली गेलं, ट्रॉलीच्या चाकाशी गेलं. टायवाला खुर्चीवरून उठून वाकून बघायला पुढे आला, आणि त्याच्या बुटाखाली काही बिया आल्या. मोडावर पाय पडला तर आवाज होत नाही.

फडकं रिकामं होतं. त्याने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "बीच आहे."

मला राग यायला पाहिजे होता. मी भांडकुदळ आहे, वाण्याने तोळाभर कमी मोजलं तरी दुकान डोक्यावर घेते. रडू तरी यायला पाहिजे होतं. काहीच आलं नाही. दाढ काढताना डॉक्टर हिरडीत सुई देतात, मग गाल आपला राहत नाही, तसं झालं होतं. हे अंग माझं आहे, गुडघे माझे आहेत आणि ते फरशीवर टेकलेत, एवढं कळत होतं. मी बी गोळा करत होते. ओल्या बोटाला बी चिकटतं, म्हणून बोट ओलं करायला मी तोंडात घातलं, फरशीला लावलं, पुन्हा तोंडात घातलं. ढेकूळ रडायला लागलं तेव्हा शिट्टीवालीने त्याला उचलून घेतलं. लंगोट नीट बांधला, चांगला बांधला, माझ्यापेक्षा चांगला. खांद्यावर थोपटत म्हणाली, "गोड आहे हो बाळ तुमचं. खातं पितं दिसतंय."

मी हो म्हटलं.

खोक्यांखालचं बी हाताला येईना. मी शिट्टीवालीला म्हटलं, झाडू मारून द्या. तिने केरसुणीने खोक्यांखालून ओढून काढलं. धूळ, केस, कागदाचे कपटे आणि त्यात आमचं बी. ती ते सुपलीत भरून डब्याकडे निघाली. "तो केर मला द्या," मी म्हटलं. तिने टायवाल्याकडे बघितलं. त्याने द्या म्हणून मान हलवली. सुपलीतला केर मी ओल्या फडक्यात घेतला आणि बांधला.

टायवाला म्हणाला, मनावर घेऊ नका, काही बायका बाळाच्या दुपट्यातून पावडरचे डबे नेतात, आम्हाला बघावं लागतं. मग टोपलीतलं मलम माझ्यापुढे धरून म्हणाला, हे असंच घेऊन जा, दुकानाकडून. मी ते त्याच्या खुर्चीवर ठेवलं. मुद्दाम नाही ठेवलं. हातात ढेकूळ होतं, केर होता, आणि तिसरी वस्तू धरायचं सुचलं नाही.

नवरा दारात दुचाकी घेऊन उभा होता. पंपाचा वायसर यायचाय, पंप उद्या मिळेल म्हणाला. मलम घेतलंस का, त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही मिळालं. मागे बसले. थोडं पुढे गेल्यावर तो म्हणाला, "आज रेडिओ बंद?" मी म्हटलं, गार वारा लागतोय.

घरी सासूबाईंनी फडकं उघडलं. त्यांनी मोठं ताट आणलं, ओट्यावर उन्हात मांडी घालून बसल्या आणि एकेक बी वेगळं करायला लागल्या. मी समोर बसले. पडलं, म्हणून सांगितलं. कुठे, म्हणून त्यांनी विचारलं. दुकानात. त्यांनी एक लांब केस ताटातून ओढून बाजूला टाकला, मग एक शर्टाचं बटण निघालं, ते बाजूला ठेवलं. ज्यांना मोड आले होते त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या माना मोडल्या होत्या. मोड मोडला की ते बी संपलं, पुन्हा फुटत नाही. ज्यांची तोंडं अजून मिटलेली होती ती तेवढी वाचली. ती चिमूटभर भरली. त्यांनी ती कोमट पाण्यातून काढली, नव्या फडक्यात बांधली आणि पुरचुंडी माझ्यासमोर धरली.

"नको," मी म्हटलं. "माझ्या अंगावर काही बांधायचं नाही."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं विचारतील. विचारलं नाही. पुरचुंडी त्यांनी स्वतःच्या कमरेला खोचली आणि वरून दोन शाली घेतल्या. सकाळी फडक्याला हात लावला तर ते त्यांच्या हातासारखंच गार होतं.

नवरा पंप आणायला गेला आणि पंपवाल्याकडे त्याला सगळं कळलं. पंपवाल्याचा मेहुणा त्या दुकानात माल उतरवतो. नवरा परत आला तेव्हा मी शेडमध्ये मिरचीचे ट्रे भरत होते. मातीभुसा भरून झाला की प्रत्येक खणात बोटाने भोक पाडायचं, एका पेराएवढं. तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. पंप खाली ठेवला नाही, हातातच धरून होता. काल दुकानात काय झालं, म्हणून विचारलं. मी सांगितलं. जेवढं झालं तेवढं सांगितलं, जास्तीचं काही नाही. तो ऐकत होता. मान खाली घालून पंपाची नळी उगाच हातावर गुंडाळत होता.

मग म्हणाला, "पण तू काही घेतलं तर नव्हतंस ना?"

मी भोकं पाडत होते. एक खण झाला, पुढचा घेतला. बोट मातीत गेलं, बाहेर आलं. पुन्हा गेलं. "नाही," मी म्हटलं.

"तसं नाही गं, पंपवाला म्हणत होता की..." त्याचं वाक्य तिथेच राहिलं, कारण जाळीच्या पलीकडे सासूबाई पाण्याची झारी घेऊन उभ्या होत्या. त्या आत आल्या. झारी खाली ठेवली. कमरेची पुरचुंडी काढली आणि त्याच्यासमोर धरली.

"शर्ट वर कर," त्या म्हणाल्या.

तो हसला. आई, हे बायकांचं काम, म्हणाला. त्या हसल्या नाहीत, हातही मागे घेतला नाही. माझं अंग विझलंय, त्या म्हणाल्या, आणि तिचं तुम्ही लोकांनी गार केलंय, आता राहिलास तू. मला वाटतं त्यांना एकदम इतकी वाक्यं बोलताना मी आयुष्यात तेव्हाच ऐकलं. त्याने पंप खाली ठेवला, शर्ट वर केला आणि त्यांनी पुरचुंडी त्याच्या पोटावर फडक्याच्या पट्टीने बांधली, गाठ अशी आवळली की त्याचा श्वास आत गेला.

आमच्या घरात पुरुषाने बी धरल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. शेजारच्या दुधवाल्याने दुसऱ्याच दिवशी त्याच्या पोटाकडे बघून कितवा महिना म्हणून विचारलं. रोपं न्यायला आलेल्या एकाने त्याला बसायला पाट दिला. तो सगळ्यांबरोबर हसायचा. पाणी मारताना हात पोटावर ठेवून वाकायचा, ट्रे उचलताना जपून उचलायचा, झोपताना पाठीवर झोपायचा. मधूनच शर्टात बोट घालून ओल बघायचा आणि मला विचारायचा, एवढी बस का? मी फडक्याला हात लावून सांगायचे, बस. तेवढंच. माझ्याकडे कामाचं बोलणं होतं, ते मी बोलत होते. ट्रे कुठले उन्हात घ्यायचे, मोटार कधी लावायची. बाकीचं कुठे गेलं होतं, कोण जाणे. रोपांशीही काही बोलावंसं वाटत नव्हतं.

ढेकळाचं पुरळ वाढलं. लंगोट बदलताना ते किंचाळायला लागलं. सासूबाईंनी नवऱ्याला सांगितलं, जा, मलम घेऊन ये. कुठून, ते तिघांनाही माहीत होतं. तो माझ्याकडे बघत जरा थांबला, मग दुचाकीला लाथ मारली आणि गेला. पोटावर बी होतंच.

तो परत आला तेव्हा ऊन शेडच्या आत आलं होतं. मी आणि सासूबाई ट्रे मांडत होतो. ढेकूळ गोणपाटावर पडलेलं. तो हसतच आत आला, मलमाची नळी ट्रेच्या कडेवर ठेवली आणि म्हणाला, "अगं, मजा सांगू? मी ह्या पोटासकट सगळं दुकान फिरलो. मलाही कळेना कुठलं मलम, चार नळ्या उचलल्या न् ठेवल्या. कोणी बघितलंसुद्धा नाही."

मी विचारलं, "आत हात घातलात?"

"घातला की. ओल बघितली. मध्येच खाज सुटली तेव्हाही घातला."

"ती खाकी शर्टवाली होती?"

"दारातच होती. नमस्कार केला तिने मला." हे बोलताना तो अजून हसत होता. पुढचं बोलायला त्याने तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. हसू त्याच्या तोंडावरून गेलं नाही, पण त्याचं त्यालाच ते कळेना झालं असावं, कारण त्याने हाताने तोंड पुसलं. मग तो पालथ्या घातलेल्या बादलीवर बसला. हात पोटावर होते, पुरचुंडीवर.

"मी तुला ते विचारायला नको होतं," तो म्हणाला.

"हं," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, हे ऐकलं की काहीतरी होईल. गळा भरून येईल, निदान चिडेन तरी. मी ट्रे सरळ केला. सासूबाई त्याच्यासमोर बसल्या, त्याचा शर्ट वर करून गाठ सोडली, फडकं उघडलं. सगळ्या बियांना पांढरे, सरळ मोड आले होते. एकही वाया गेलं नव्हतं. त्या कितीतरी वेळ फडक्याकडे बघत होत्या. मग त्यांनी बी माझ्या तळहातावर ओतलं. ऊब होती त्याला, माणसाच्या अंगाची. मोड खाली करून एकेक बी खणात सोडलं, वर माती ओढली. नवरा झारी घेऊन माझ्यामागून पाणी देत आला. कोणीच काही बोललं नाही. मोटारही बंद होती.

रोपं चांगली आली. थोडीच होती, सासूबाईंनी त्यातलं एकही विकलं नाही. मागायला आलेल्यांना पुढच्या हंगामात या म्हणून परत पाठवलं आणि सगळी आमच्याच तुकड्यात लावली, बियांसाठी. आमचं खरबूज वाचलं. पानं हाताएवढी झाली तेव्हा मी त्यांच्याशी काहीतरी बोलले, म्हणजे तसं नवऱ्याने सासूबाईंना सांगितलेलं मी ऐकलं. मला आठवत नाही.

ढेकळाला लस टोचायची होती, म्हणून मी त्याला घेऊन निघाले. सकाळचा गारठा अजून सरला नव्हता. सासूबाई दारात आल्या आणि म्हणाल्या, "अगं, पोराला गुंडाळ की. असं उघडं काय नेतेस?"

मी दुपट्याची घडी घातली होती. ती घडी मी बाहेरच्या बाजूने खांद्यावर टाकली, दोन्ही टोकं मोकळी, कोणालाही दिसतील अशी. ढेकूळ थंडीने गळ्याला चिकटलं आणि त्याचं गार नाक माझ्या मानेत खुपसून बसलं. नवऱ्याने दुचाकी सुरू केली होती. त्याने माझ्याकडे बघितलं, खांद्यावरच्या घडीकडे बघितलं, आणि गाडी बंद केली. मग स्वतःचं जाकीट काढून हातात धरून उभा राहिला. ते ढेकळावर घालू का, हे त्याला विचारता येईना.

"नको," मी म्हटलं. "असंच बरं आहे."

दवाखान्यात आम्ही बाकावर बसलो. मी ढेकळाला मांडीवर उघडं बसवलं आणि दोन्ही हात वर, त्याच्या काखेत धरले. समोर एक टेबल होतं, एक वजनाचा काटा, भिंतीला कॅलेंडर. तिथे उचलून नेण्यासारखं काही नव्हतंच.